फ्रेंच बोलणारी कवळी

कवळीकाकांच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की शे-सव्वाशे जबडे एकदम तुमच्याकडे बघून हसतात. भिंतीवर छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या प्लास्टरचे साचे, आणि प्रत्येक साच्यावर पेन्सिलीनं लिहिलेला माणसाचा धंदा. नाव नाही, धंदा. ‘कंडक्टर’. ‘वकील, नाकात बोलतो’. ‘भाजीवाली, आवाज दोन चौकांपर्यंत’. ‘पीटी मास्तर, सांभाळून!’

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि खाली हे वर्कशॉप. डॉक्टर दात काढणार, तोंडाचं माप घेणार, आणि काका खाली मेणात दात बसवून, प्लास्टरात दाबून, गुलाबी अ‍ॅक्रिलिकची कवळी शिजवून वर पाठवणार. बाकीचे कारागीर एवढ्यावर थांबतात. गिऱ्हाइकाचं तोंडही बघत नाहीत. काका मात्र कवळी घेऊन स्वतः जिना चढतात, भुवयांवर प्लास्टरची भुकटी तशीच, आणि खुर्चीतल्या माणसाला म्हणतात, “हं. आता तुमच्या धंद्यातलं काहीतरी बोला.”

“अहो, पण चावून बघू ना आधी?”

“चावणं काय, दिवसातून तीन वेळा. बोलायचं दिवसभर असतं. बोला!”

मग कंडक्टर बिचारा खुर्चीत आडवा पडून “पुढे सरका, पुढे जागा आहे!” असं ओरडतो. वकील छताकडे बघत “हरकत आहे, साहेब!” म्हणतो. पीटी मास्तरांनी तर ‘सावधान’ अगदी झोकात दिलं, पण ‘विश्राऽऽम’ला खालची कवळी सुटली ती थेट डॉक्टरांच्या अ‍ॅप्रनच्या खिशात. तेव्हापासून काका झेल घेणाऱ्यासारखा टॉवेल पसरून उभे राहतात.

हे सगळं करायचं डोळे मिटून. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं काकांचं म्हणणं. स चपटा आला की त्यांना कळतं, पुढच्या दातांमागं टाळूवर अ‍ॅक्रिलिक जाड झालंय. फ फुसका आला की वरचे दात केसभर आखूड. ते खाली जातात, घासतात, वर येतात. आणि दात काढायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एकदा ऐकून ठेवतात. त्यासाठी एक वही आहे, तिच्यात फक्त त्यांनाच कळेल असं काहीबाही. ‘कंडक्टर: स जाड, र ला धक्का, शेवटचं अक्षर खातो.’ कवळी बसल्यावर कंडक्टरनं शेवटचं अक्षर पुन्हा खाल्लं, की काम फत्ते.

असा कान फुकट येत नाही. एकोणीस वर्षांचे असताना गावात एक फिरती नाटक कंपनी आली होती. काकांनी पडद्यामागं बसून कंपनीतल्या एकूण एक माणसाचा आवाज काढून दाखवला, मॅनेजरचासुद्धा, आणि मॅनेजर आपलाच आवाज ऐकून इतका खूश झाला की म्हणाला, “चल आमच्याबरोबर. गाडी सहाला सुटते.” काका पिशवी भरायला घरी आले. वडील याच टेबलाशी बसलेले. म्हणाले, “जा की. पण एवढं प्लास्टर कालवलंय, ते ओतून जा.” ओतलं. वाळेपर्यंत हलवता येत नाही म्हणून थांबले. प्लास्टर वाळलं आणि गाडी सुटली.

त्यांच्या बायकोचा या गोष्टीवर फार जीव. ती ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते. दिवसभर कुजबुजत बोलावं लागतं, त्याची सगळी कसर ती घरी काढते.

“नाटकात गेला असतात तर आज मोठे नट असतात. मग मी कुणाला बोलले असते?”

“दुसऱ्या कुणाला तरी.”

“त्याच्या तोंडात निदान सगळे दात असते!”

हेही खरं. गावाला दात पुरवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या वरच्या ओळीत, पुढून दुसरा, अकरा वर्षं दात नाही. ‘पुढच्या आठवड्यात बसवतो’ हेही अकरा वर्षांचं. बोलताना मधूनच त्या फटीतून बारीक शिट्टी निघते. पण गंमत अशी की दुसऱ्याचा आवाज काढताना ती कधी निघत नाही. तेव्हा जीभ आपोआप भोक बुजवून बसते, जणू तोंड भाड्यानं दिलंय आणि नव्या भाडेकरूची अडचण होता कामा नये.

तर अशा या काकांकडे एके सकाळी फ्रेंचच्या बाई आल्या.

सत्तर ओलांडलेल्या, पट्टीसारख्या ताठ, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत खडूंचा डबा. छत्तीस वर्षं त्या एका संस्थेत संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग घेत होत्या. विद्यार्थी त्यांना मादाम म्हणत. दवाखान्यातली रिसेप्शनवाली गेली दोन वर्षं त्यांच्या वर्गात होती, आणि तिनंच त्यांना इथं आणलं होतं. दात मात्र तीन महिन्यांपूर्वी परगावी, बहिणीकडे राहून काढलेले. म्हणजे काकांनी त्यांचा दातांसकटचा आवाज ऐकलेलाच नव्हता. वहीत पान कोरं.

पहिली ट्रायल मेणाची. दात मेणात नुसते टोचलेले, हवे तसे हलवता येतात. काकांनी मेणाची कवळी बसवली, टॉवेल पसरला, डोळे मिटले.

“सहासष्ट, सदुसष्ट म्हणा, बाई.”

“सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट.” लख्ख. एकेक स घासलेल्या भांड्यासारखा.

“वा! आता तुमच्या धंद्यातलं.”

बाईंनी घसा साफ केला. “सी झाव्हे स्यू, झ सरे व्हन्यू.”

निदान असं त्यांना म्हणायचं होतं. बाहेर आलं ते ‘शी जावे शू’ आणि पुढं काहीतरी कालवलेलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्याच नाहीत. त्यांनी कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि तोंडावर रुमाल धरून बोलू लागल्या.

“मी छत्तीथ वर्थं थिकवतेय.” दुसरं कुणी असतं तर ऐकणाऱ्याला हसू आलं असतं. बाईंच्या डोळ्यांकडे बघून कुणाची टाप नव्हती. “चौदा विद्यार्थी आहेत. एक धडा उरलाय. पुढच्या थोमवारी मी गेले नाही, तर चिटणीथ त्यांना पडद्यावरचे तयार पाठ लावणार आहेत, आणि मग वर्ग कायमचा पडद्याकडे. आणि मी गेले आणि उच्चार अथा आला, तर मी थ्वतःच घरी बथेन. चुकीचं थिकवणार नाही.”

सोमवार यायला अकरा दिवस होते.

“पण हे बरोबर कसं ऐकू येतं ते मला ऐकवा ना,” काका म्हणाले. “एकदाच.”

बाईंनी कवळी परत बसवली, निव्वळ हे वाक्य दातांसकट म्हणता यावं म्हणून. “ऐकवता आलं असतं, तर मी तुमच्याकडे आले असते का?”

काकांनी टॉवेलची घडी घातली.

“एखादी टेप? रेकॉर्डिंग?”

“कधी केलं नाही. मुलं टेप ऐकतात आणि माणसाकडे बघत नाहीत.”

इतका वेळ दाराशी उभी असलेली रिसेप्शनवाली पुढं सरकली. “काका, मी म्हणू? मादामनी हे वाक्य आमच्याकडून दोनशे वेळा घोकून घेतलंय. सगळे म्हणतात मी थेट मादामसारखं बोलते.”

“बोल, बाळ,” काकांनी डोळे मिटले.

ती बोलली. काकांच्या कानाला एकदम मेजवानी. सुरुवातीचा बारीक, टोकदार स. मग तो झ: आपला झ नव्हे, ज नव्हे, श ला कंठ फुटला तर जसा होईल तसा. काकांनी तिच्याकडून ते वीसेक वेळा वदवून घेतलं, स्वतः म्हणून पाहिलं, आणि जिन्यावरून खाली जाताना ते हुबेहूब रिसेप्शनवालीच्या आवाजात “सी झाव्हे स्यू” म्हणत होते. जिन्यात भेटलेल्या पेशंटनं घाबरून कठडा धरला.

अर्थ? अर्थ त्यांनी विचारलाही नाही. त्यांना काय करायचंय अर्थाशी? कंडक्टर गाडी कुठं नेतो हे तरी त्यांनी कधी विचारलं होतं?

दोन दिवस काकांनी दुसरं काम हातात धरलं नाही. स्पिरिटच्या दिव्यावर मेणाची सुरी तापवायची, टाळूवरचं मेण कागदाएवढं खरवडायचं, स्वतः तोंडानं ते वाक्य म्हणत जीभ कुठं टेकते ते बोटानं चाचपायचं. झ आला. व्ह आला. तो टोकदार स काही येईना. शेवटी त्यांनी समोरच्या दोन दातांमध्ये केसभर फट ठेवली. सहज, कानाला वाटलं म्हणून.

बाई आल्या. कवळी बसली. टॉवेल, डोळे बंद.

“सी झाव्हे स्यू, झ सरे व्हन्यू.”

रिसेप्शनवालीनं टाळ्या पिटल्या. “अगदी मादाम! सेम टू सेम!”

काकांनी डोळे उघडले तेव्हा बाईंचा चेहरा पडला होता. त्यांनी ते वाक्य हळूच पुन्हा म्हटलं. मग नुसतं ‘सी’. मग परत ‘सी’. प्रत्येक ‘सी’च्या स ला एक बारीक शिट्टी होती.

“ही माझ्या दाताची शिट्टी आहे,” बाई म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी पायरीवर घसरले आणि पुढच्या दाताचा टवका उडाला होता.” त्या रिसेप्शनवालीकडे वळल्या. “म्हण गं तू.”

ती म्हणाली. शिट्टी.

“वर्गातले सगळे असंच म्हणतात?”

“हो मादाम. आम्हाला वाटलं, फ्रेंच असंच असतं.”

बाईंचा एक खांदा हलला, मग दुसरा, आणि काका टॉवेल घेऊन धावले, पण बाई रडत नव्हत्या, हसत होत्या. “चौदा जण!” त्या म्हणाल्या. “चौदा जण शिट्ट्या मारतायत! आणि आधीच्या वर्षांचे वेगळे!” हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. “मला स्वतःला ऐकूच आलं नाही हो. आता तर गेलंच पाहिजे सोमवारी. माझी चूक पडदा कशी सुधारणार?”

आणि काका? त्यांनी एका माणसाच्या तोंडात त्याची मोडतोड परत बसवून दिली होती, तीही इतकी अचूक की टाळ्या पडल्या. घरी जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी पाणी पिता पिता ठसकली आणि मग कामाचं बोलली.

“अहो, सहा वर्षांपूर्वीची शिट्टी ना? मग त्याच्या आधीचं तोंड शोधा.”

“कुणाचं?”

“जुन्या विद्यार्थ्याचं! कोपऱ्यावरची मेडिकलवाली. दर पंधरा दिवसांनी फ्रेंच कादंबरी नेते, आणि परत करताना पानात गोळ्यांचं रिकामं पाकीट खुणेला ठेवते. मी किती वेळा बोलले तिला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ती याच बाईंकडे शिकलीय.”

“हे तू मला आधी सांगायचं नाहीस?”

“तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

दुसऱ्या दिवशी काका मेडिकलच्या रांगेत. पुढं खोकल्याचं औषध, त्याच्या पुढं बाळाचं डायपर. मेडिकलवाली पन्नाशीची, चष्मा कपाळावर, हात खणांत आणि तोंड चालू: “जेवणानंतर हं, आधी नाही. पुढचे?”

“मला सी झाव्हे स्यू पाहिजे,” काका म्हणाले.

“ती कंपनी बंद झाली, दुसऱ्या कंपनीचं देऊ?” मेडिकलवालीचा हात खणाकडे गेलासुद्धा, आणि मग थांबला. तिनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “काय म्हणालात?”

काकांनी सगळं सांगितलं. मागच्या रांगेनं सुस्कारे टाकले. मेडिकलवालीनं काउंटरवर दोन्ही हात टेकले, पाठ ताठ केली, अगदी बाईंसारखी, आणि म्हटलं. नुसतं वाक्य नाही, मी-तू-तो-आम्ही अशी क्रियापदाची अख्खी शिडी. “झोरे फिनी. त्यु ओरे फिनी. इल ओरे फिनी. नू झोरियों फिनी. वू झोरिये फिनी. इल झोरे फिनी.” मग ते ‘सी झाव्हे’चं वाक्य. शिट्टीचा मागमूस नव्हता. आणि काकांना पहिल्यांदाच तो र ऐकू आला. रिसेप्शनवालीचा र आपला साधा, जिभेच्या शेंड्याचा. हा र पार मागून, पडजिभेपाशी, मखमलीवरून उलटं नख फिरवावं तसा.

“बाई असंच म्हणायच्या?”

“असंच नाही, हेच. माझा नवरा म्हणतो, मी फ्रेंच वाचायला लागले की घरात दुसरीच बाई येते.” तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद घेतला आणि न बघता विचारलं, “मादाम येणार आहेत ना परत वर्गात?”

“येणार,” असं काकांना म्हणायचं होतं. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. तो र तोंडात होता. सांडला असता.

घरापर्यंत तो त्यांनी तसाच नेला. वाटेत वकील भेटले, “काय काका, कसं काय?” काकांनी हात वर केला. कंडक्टरनं बसच्या दारातून हाक मारली, काकांनी टोपी उचलली. घरी बायकोनं तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींना मुंडी हलवून उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, “वा! ही भाषा चांगली आहे. रोज शिका.”

मेणातली फट बुजली, शिट्टी गेली. कवळी अ‍ॅक्रिलिकमध्ये शिजली, प्यूमिसच्या भुकटीनं चाकावर घासून चकाकली. आणि सोमवारी दुपारी, वर्गाला तीन तास उरले असताना, बाईंच्या तोंडात बसली.

स उत्तम. झ उत्तम. र नाही.

र च्या जागी बाईंना ढास लागत होती. काकांना कारण लगेच कळलं. वरच्या कवळीची मागची कड घशाच्या बाजूला किंचित लांब होती, आणि बाईंचा र नेमका तिथंच राहायला होता. मराठीत बोलताना तिथं कुणी फिरकत नाही, म्हणून कळलं नव्हतं. कड घासायची, एवढंच. पण तीच कड टाळूला चिकटून कवळी वर धरून ठेवते. केसभर जास्त घासली की हवा शिरणार आणि कवळी बोलता बोलता खाली येणार. मेण असतं तर पुन्हा लावलं असतं. अ‍ॅक्रिलिक एकदा घासलं की गेलं, आणि नवी कवळी करायला चार दिवस.

काकांनी एक हात मारला. बाई म्हणाल्या, “झ स... खक्.”

दुसरा हात. “झ सरे...” बरा, पण घोगरा.

“काका, आता पुरे,” डॉक्टर म्हणाल्या. “चिकटून बसतेय तोवर थांबा. र थोडा आपला असला तर काय बिघडलं? चौदा जणांना कळणार आहे का?”

बाईंनी डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. डॉक्टरांना आपली दहावी आठवली असावी, त्या दोन पावलं मागं सरकल्या.

काकांनी डोळे मिटले आणि ते वाक्य मेडिकलवालीच्या आवाजात म्हटलं. मग बाईंनी म्हटलं. मग काकांनी. मग बाईंनी. दोघांच्या र मध्ये आता एक बारीकसं अंतर होतं, रस्त्यापलीकडून कुणी हाक मारावी एवढं. काका खाली गेले. वर तिघींना चाकाचा आवाज आला, फक्त एकदा, श्वासाएवढा. ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेल नव्हता, विसरले होते.

कवळी बसली.

“सी झाव्हे स्यू,” बाई म्हणाल्या, “झ सरे व्हन्यू.”

र आला. मागून, मखमलीवरून.

बाई थांबल्याच नाहीत. झोरे फिनी, त्यु ओरे फिनी, संपवण्याची शिडी चढून उतरल्या, मग बोलण्याची, मग निघण्याची. एक हात हवेत वर-खाली, अदृश्य फळ्यावर खडू चालवावा तसा. छत्तीस वर्षं एका दमात आत शिरली होती. रिसेप्शनवालीचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती.

“आता शेवटची परीक्षा,” काका म्हणाले. “पडते का बघू.” आणि त्यांनी संस्थेच्या चिटणिसांचा आवाज काढला. चिटणीस दवाखान्यात एकदाच, तेही दाढ दुखते म्हणून आले होते, पण काकांना तेवढं पुरतं. “मादाम, आमच्या पडद्याला, अं, दाढदुखी होत नाही, अं, आणि पडदा, अं, रजा घेत नाही...” बाई खो खो हसल्या. पोट धरून, मान मागं टाकून, तोंड उघडून हसल्या. कवळी जागची हलली नाही.

संध्याकाळी काका वर्गात शेवटच्या बाकावर. गिऱ्हाईक पहिल्यांदा कामावर जातं तेव्हा ते नेहमी जातात. कंडक्टरच्या बसमधून ते तीन फेऱ्या मारून आले होते. बाईंनी खडू उचलला आणि पहिल्यांदा सरळ सांगून टाकलं: “गेली सहा वर्षं मी या वर्गाला माझ्या तुटक्या दाताची शिट्टी शिकवली. ती भाषेत नाही. आज ती आपण काढून टाकणार आहोत. चूक माझी, मेहनत तुमची, त्याला इलाज नाही.”

दाराशी उभे असलेले चिटणीस ‘अं’ म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. चौदा जण एकेक करून म्हणू लागले. बँकवाल्याची शिट्टी तिसऱ्या खेपेला गेली, गाइडचं काम करणाऱ्याची पाचव्या. रिसेप्शनवालीची जाता जाईना, कारण ती सगळ्यात हुबेहूब होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहून स्वतः म्हणत राहिल्या, अकरा वेळा. बाराव्या वेळी गेली. तेव्हा चिटणीस दार हळूच ओढून घेऊन निघून गेले. जाण्याआधी दाराशेजारच्या पडद्याची दोरी त्यांनीच गुंडाळून खिळ्याला अडकवली.

“आता मस्य,” बाई म्हणाल्या; मस्य म्हणजे फ्रेंचमधले महाशय. “शेवटचा बाक. उभे राहा.”

काकांनी मागं पाहिलं. मागं भिंत होती.

ते उठले आणि त्यांनी डोळे मिटून सगळी शिडी म्हणून दाखवली, सहाही पायऱ्या, मेडिकलवालीच्या म्हणजे बाईंच्या म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. वर्ग थक्क. एकानं “हे कुठल्या बॅचचे?” असं विचारलंसुद्धा.

“आणि अर्थ?” बाई म्हणाल्या.

“अर्थ मला नाही माहीत, बाई.”

“सी झाव्हे स्यू, झ सरे व्हन्यू. ठाऊक असतं, तर मी आले असते.” बाई फळ्याशी गेल्या. “जे होऊ शकलं असतं आणि झालं नाही, त्याच्यासाठी हे रूप. हेच रूप लावून रागावता येतं: तुम्ही मला सांगू शकला असतात! यात दोन घरं आहेत. करणं, संपवणं, सांगणं एका घरचं. येणं, जाणं, राहणं दुसऱ्या घरचं. आपल्याकडेही तसंच नाही का? ‘मी केलं असतं’ हे बाईही म्हणते आणि बुवाही. पण ‘आले असते’ आणि ‘आलो असतो’ वेगळं.” वर्गानं भराभरा लिहून घेतलं. “हं, मस्य. आता तुमचं स्वतःचं एक वाक्य करा.”

काकांनी डोळे उघडले. कुणाच्या आवाजात म्हणायचं, ते त्यांना सुचेना. सहाची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, मॅनेजर दारात लोंबकळत हात हलवत असलेला. जिन्याच्या खालच्या फळ्या दिसल्या, त्यांच्यावरचे शे-सव्वाशे जबडे. ओलं प्लास्टर.

“बाई, ‘राहणं’ला काय म्हणतात?”

“रेस्ते. दुसऱ्या घरचं.”

काकांनी थोडा वेळ जुळवाजुळव केली. “सी झाव्हे स्यू,” ते म्हणाले, “झ सरे रेस्ते.” ठाऊक असतं, तर मी तेव्हा आपणहून राहिलो असतो.

आणि ‘रेस्ते’च्या स मधून, वरच्या ओळीतल्या अकरा वर्षांच्या भोकातून, एक खणखणीत शिट्टी निघाली.

नुकत्याच शिट्टीमुक्त झालेल्या चौदा जणांनी दचकून मागं पाहिलं. रिसेप्शनवालीनं तोंडावर हात दाबला. काकांचे कान लाल झाले.

बाई मात्र खडू खाली ठेवून बाकांमधून चालत मागं आल्या, अगदी त्यांच्या बाकापर्यंत.

“इतका वेळ तुम्ही माझंच बोलत होतात, मस्य,” त्या म्हणाल्या. “हे पहिलं वाक्य तुमचं. दात बसवून घ्या आणि पुढच्या सोमवारी याच बाकावर या. आता बसू नका. पुन्हा म्हणा.”